दारू आणि मनाची जखम: दोन्हींवर उपचार एकत्र का हवेत



आपल्या सेवाकार्याला मदत करणाऱ्या मंडळ्यांना भेटी देताना एक प्रश्न मला नेहमी ऐकू येतो: "सिस्टर, तुम्ही इतकी वर्षे पाड्यांवर दारू सोडवण्याचे काम करता, तरी तीच माणसे पुन्हा पुन्हा का पितात?" प्रश्न रास्त आहे. घामाच्या पैशातून देणगी देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्कच आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग मला स्वतःला फार उशिरा कळला. या अंकात तेवढाच लिहिते.

एका भावाची हकिगत

नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात आमचे काम चालते. तिथल्या एका भावाची ही हकिगत आहे. त्यांच्या व त्यांच्या पत्नीच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ते पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. सकाळी उठल्यावर हात थरथरत, घोटभर मोहाची पोटात गेली की थांबत. वहिनी सोबत होत्या. मी नेहमीचे प्रश्न विचारले: किती पिता, कधीपासून, काविळ झाली होती का. मग नेहमीचाच सल्ला दिला: "दादा, आधी तीन महिने दारू सोडा. मग झोपेचं आणि बाकीचं बघू."

त्यांनी ऐकले. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिले. तिथे दारू सुटली, पण रात्री ते ओरडत उठत. नाटक करतो म्हणून त्यांना बोलणी बसली. घरी आले आणि नवव्या दिवशी पुन्हा प्यायले. मंडळीतले लोक निराश झाले. मीही मनात म्हटले, यांची इच्छाच कमी पडते.

पुढे एकदा वहिनी एकट्याच आल्या. त्यांच्या डोळ्याखाली काळेनिळे झाले होते. मला राग आला होता, पण त्या म्हणाल्या, "सिस्टर, ते शुद्धीत मारत नाहीत. झोपेत ओरडत होते म्हणून मी हलवलं, तर हात लागला." मी विचारले, "वहिनी, यांची झोप कधीपासून गेली?" त्या म्हणाल्या, "पोरगा गेला तेव्हापासून."

दारूबद्दल मी पन्नास प्रश्न विचारले होते, पण हा एक विचारला नव्हता.

चार वर्षांपूर्वी हे कुटुंब गुजरातमध्ये ऊसतोडीला गेले होते. हंगाम संपवून परतताना रात्री ट्रक उलटला. त्यांचा सात वर्षांचा मुलगा त्यात गेला. उजाडेपर्यंत त्याला मांडीवर घेऊन ते रस्त्याच्या कडेला बसून होते. त्याआधी ते सणासुदीला पीत, लग्नकार्यात पीत, पण रोज नाही. त्या रात्रीनंतर मोठ्या गाडीचा आवाज आला की ते घरामागे निघून जात. गाडीत बसणे बंद केले. बाजाराला दहा किलोमीटर चालत जात.

या आजाराला नाव आहे

डॉक्टर याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. पीटीएसडी हे त्याचे इंग्रजी लघुनाव आता आपल्याकडेही रुळले आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये आपल्या अधिकृत यादीत हे नाव घातले. तेव्हा चर्चा प्रामुख्याने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची होती. पण हा आजार सैनिकांपुरता नाही. अपघात, पूर, आग, बलात्कार, घरातली रोजची मारहाण, लहानपणी झालेला छळ, यांपैकी कशानेही तो होऊ शकतो. आमच्या भागात डाकीण ठरवून जिला गावाने मारले, हाकलले, अशी बाईही यातून जाते.

त्याची चार मुख्य लक्षणे आहेत. घडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा, जणू आत्ता घडते आहे अशी समोर येते: दिवसा चित्रांसारखी, रात्री स्वप्नांत. तिची आठवण करून देणारी माणसे, जागा, आवाज माणूस टाळतो. मन अपराधी, बधिर किंवा निराश होते. जवळच्यांवरची मायाही जाणवेनाशी होते. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असते: झोप लागत नाही, दचकायला होते, राग पटकन येतो. हे सगळे महिन्याहून जास्त टिकले आणि रोजचे जगणे बिघडले, तर तो आजार समजावा. मोठ्या आघातातून गेलेल्या प्रत्येकाला तो होत नाही. पुष्कळ जण आप्तांच्या आधाराने हळूहळू सावरतात. ज्याला होतो त्याचा विश्वास कमी पडला असेही नाही.

दारू औषधासारखी का वाटते

शेतात राखणीला कुत्रा असतो. चोर आला की तो भुंकतो, गेला की गप्प बसतो. या आजारात आतला राखणदार गप्प बसायचे विसरतो. पान हलले तरी भुंकतो. दारू त्याला काही तास गुंगीत टाकते. म्हणून पिणाऱ्याला वाटते की यानेच मला बरे वाटते, आणि तेवढ्या वेळापुरते ते खरेही असते.

पुढचे मात्र त्याला दिसत नाही. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि स्वप्ने अधिक भयानक होतात. नशा उतरली की मेंदू पूर्वीपेक्षा जास्त चाळवलेला असतो. छाती धडधडते, घाम येतो. हीच लक्षणे भीतीचीही असल्यामुळे जुनी आठवण उफाळते. ती दाबायला पुन्हा घोट. असे हे जाते दोन पाळ्यांचे असते. नुसती दारू काढली तर जखम उघडी पडते, आणि नुसत्या जखमेवर बोलत राहिले तर दारू त्या बोलण्याचे काम होऊ देत नाही.

पूर्वी बहुतेक ठिकाणी उपचार एकामागून एक होत. मनाचा डॉक्टर म्हणे, आधी दारू सोडून या. व्यसनमुक्तीवाला म्हणे, जुन्या गोष्टी आता उकरू नका. माणूस दोन दारांमध्ये हेलपाटे घालत राही. मी त्या भावाला दिलेला सल्ला याच पद्धतीचा होता.

मनावरचा आघात उलगडला तर माणूस जास्त पिईल, ही भीती खोटी नव्हती, पण ती तपासून पाहिली गेली. ऑस्ट्रेलियात कॅथरीन मिल्स आणि सहकाऱ्यांनी दोन्ही आजार असलेल्या 103 जणांचा अभ्यास केला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार मिळाले, तर काहींना त्यासोबत आघात आणि व्यसन यांवर एकत्र समुपदेशनही. एकत्र उपचार मिळालेल्यांची आघाताची लक्षणे अधिक कमी झाली. नशेचे प्रमाण दोन्ही गटांत घटले. त्यात मोठा फरक नव्हता. म्हणजे जखमेला हात लावल्याने व्यसन वाढले नाही. अमेरिकेत लिसा नजाविट्स यांनी याआधीच 'सीकिंग सेफ्टी' म्हणजे 'सुरक्षिततेचा शोध' ही पद्धत तयार केली होती. तिच्यात आघाताचा तपशील न उकरता, आज सुरक्षित कसे राहायचे हे शिकवतात. दोन्ही पद्धतींचा गाभा एकच: हे दोन आजार एकाच माणसाचे आहेत, म्हणून उपचार करणाऱ्यांनीही एकत्र बसावे.

पहिले पाऊल: दारू सुरक्षितपणे थांबवणे

इथे मंडळीतल्या प्रत्येकाने नीट वाचावे ही विनंती. जो माणूस रोज, सकाळपासून पितो, त्याने एका दिवसात सगळी दारू बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पिण्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत हातपाय कापणे, घाम, उलट्या, घबराट सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, ताप चढतो. पाड्यावर याला बाहेरची बाधा समजतात. प्रार्थनासभेत कुणाला हा सैतानाचा हल्ला वाटतो. ही वैद्यकीय आणीबाणी आहे, आणि उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो.

आमच्या एका प्रार्थनासभेत रविवारी एका तरुणाने पुढे येऊन दारू सोडल्याचे जाहीर केले. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मंगळवारी त्याला फिट आल्या आणि झोळीत घालून खाली आणावे लागले. तो वाचला. तेव्हापासून आमचा नियम आहे: कोणी असा निर्णय घेतला की त्याच दिवशी एकाने त्याच्यासोबत दवाखान्यात जायचे. तिथे काही दिवस डायझेपामसारखी औषधे देऊन ती क्रमाने कमी करतात. जीवनसत्त्व बी-1 देतात, कारण सततच्या पिण्याने ते शरीरात कमी पडते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी त्याची आठवण जरूर करून द्यावी.

दोन गोष्टी करू नयेत. पिणाऱ्याला न सांगता जेवणात 'दारू सोडवण्याची पावडर' घालू नये. अशा पावडरीत काय असते हे कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम नावाचे खरे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ते रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. आणि कोणालाही साखळीने बांधू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला मनाई आहे. ज्याच्या मनावर आधीच आघात आहे, त्याला बांधणे म्हणजे दुसरा आघात.

पुढचे उपचार

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण सगळे जाणतो. ईजबेलीच्या भीतीने तो रानात पळाला आणि झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर आला. आमच्या उपचारांचा क्रमही साधारण असाच असतो.

सुरुवातीला झोप, जेवण आणि सुरक्षितता. त्या भावाला आणि वहिनींना आम्ही बारीकसारीक गोष्टी शिकवल्या. झोपेत ओरडले तर हलवायचे नाही. दोन पावले लांब उभे राहून नावाने हाक मारायची, कंदील किंवा दिवा लावायचा. जुनी आठवण अंगावर आली की दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, तोंडावर गार पाणी मारायचे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची: चूल, हंडा, कोंबडी, टोपली, दार. यामुळे मन त्या रात्रीतून आजच्या दिवसात परत येते. प्यावेसे कधी वाटते याचीही नोंद ठेवली. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी पिशवीत खडे टाकले: गाडीच्या आवाजानंतर एक, वाईट स्वप्नानंतर एक. महिन्याच्या शेवटी पिशवी रिकामी केली तेव्हा दारू आणि ती रात्र यांचा संबंध त्यांना स्वतःलाच दिसला.

सोबत औषध. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालीन सुरू केले. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचे नसते. डायझेपामसारख्या गोळ्या मात्र झोपेसाठी महिनोन्महिने चालू ठेवत नाहीत, कारण एका सवयीच्या जागी दुसरी लागते.

मन थोडे स्थिर झाल्यावर, प्रशिक्षित समुपदेशकासमोर, ती रात्र हळूहळू सांगणे. एकदा नव्हे, अनेक बैठकींत. सांगता सांगता आठवणीची धार कमी होते. टाळलेल्या गोष्टींकडेही पायरीपायरीने जातात. हे भाऊ आधी उभ्या ट्रकजवळ जाऊन नुसते थांबले. नंतर बंद जीपमध्ये पाच मिनिटे बसले.

सहाव्या बैठकीत त्यांनी जे सांगितले, ते पत्नीलाही सांगितले नव्हते. पोरगा खाली गुदमरत होता म्हणून त्यांनीच त्याला उचलून वर, सामानावर बसवले होते. "मीच त्याला मारलं, सिस्टर," ते म्हणाले. चार वर्षे ते हेच वाक्य दारूत बुडवत होते. त्या काळात मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी त्यांना चांगल्या मनाने सांगितले होते, "पापाची क्षमा माग, शांती मिळेल." त्यांनी रोज क्षमा मागितली. शांती मिळाली नाही, कारण जे पाप त्यांनी केलेच नव्हते ते त्यांनी स्वतःच्या माथी मारले होते. समुपदेशकाने त्यांना घाई केली नाही. एवढेच विचारले, "तेव्हा, त्या क्षणी, तुम्हाला काय माहीत होतं?" बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तो रडत होता, एवढंच."

हे ऐकून आमचे पाळक पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले, जेवले, आणि पहिल्यांदाच त्या मुलासाठी, त्याचे नाव घेऊन प्रार्थना झाली.

मंडळी काय करू शकते

पहिली गोष्ट, साक्षीची घाई करू नका. व्यासपीठावरून आपली हकिगत सांगायला लावणे कुणाला आशीर्वाद असेल, पण आघाताच्या रुग्णाला ते पुन्हा त्या रात्रीत ढकलू शकते. तो स्वतःहून सांगेल तेव्हा, सांगेल तेवढेच ऐका.

दुसरी, तो पुन्हा प्यायला तर त्याला उपासनेपासून तोडू नका. घसरण या आजारात होते. घसरल्यावर किती लवकर परत आला, हे पाहायचे असते. प्रभुभोजनात द्राक्षारसाऐवजी द्राक्षांचा साधा रस ठेवणे हीसुद्धा मदत आहे.

तिसरी, घरच्यांना विसरू नका. त्या अपघातात वहिनींचाही मुलगा गेला होता. त्या पीत नव्हत्या म्हणून चार वर्षांत त्यांना कोणी काहीच विचारले नाही. घरात मारहाण होत असेल तर बाई आणि मुले सुरक्षित राहणे आधी. ती सहन करून प्रार्थना करत राहा, असा सल्ला देऊ नका.

चौथी, आदिवासी म्हणजे दारुडा हा शिक्का आपल्या बोलण्यातून काढून टाका. मोहाच्या फुलांवर टंचाईच्या दिवसांत घरे जगली आहेत आणि पूजेत, लग्नात त्याला मान आहे. सणाला पिणे आणि पहाटे थरथरत्या हाताने पिणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीमागे काय आहे, ते विचारायला हवे.

मदत लागली तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठी 14446 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दोन्ही मोफत आहेत.

तुमची देणगी कुठे जाते

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. सगळ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ डोंगरावर येणार नाहीत. पण गोव्यात 'संगत' संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक आशा दिसते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी समुपदेशन दिले आणि त्याचा गुण आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांना आणि आघाताच्या रुग्णांना तज्ज्ञ लागतातच. तरी योग्य प्रश्न विचारणे, दवाखान्यात सोबत नेणे, दर आठवड्याला घरी डोकावणे हे पाड्यावरचा तरुण करू शकतो, तेही त्यांच्याच बोलीत. यंदाच्या देणग्यांतून आम्ही अशा तरुणतरुणींचे प्रशिक्षण, रुग्णांचा जिल्ह्यापर्यंतचा प्रवास आणि औषधे यांचा खर्च भागवत आहोत.

ते भाऊ आता कसे आहेत? उपचार सुरू झाल्यापासून ते दोनदा घसरले. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत स्वतःच परत आले. रात्री चारपाच तास सलग झोपतात. पावसाळ्यात वहिनींना ताप आला तेव्हा ते त्यांच्या शेजारी जीपमध्ये बसून दवाखान्यापर्यंत आले. उतरले तेव्हा शर्ट घामाने भिजला होता, पण वास दारूचा नव्हता.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी जवळ आलेली असेल. ऊसतोडीसाठी माणसे न्यायला मुकादमांचे ट्रक पाड्यांवर येऊ लागतील. तो आवाज त्यांना रोज ऐकावा लागेल. या दिवसांत त्यांच्यासाठी, वहिनींसाठी आणि ट्रकमधून जाणाऱ्या प्रत्येक लेकरासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या मंडळीत कोणी पुन्हा पुन्हा पीत असेल, तर या महिन्यात एकदा त्याच्या घरी जा आणि त्याला विचारा, तुझी झोप कधीपासून गेली?

प्रभूच्या सेवेत,
तुमची बहीण